पाइप कोणाचा?

काही इंग्रजी शब्द मराठीत इतके रुळले आहेत की ते परके आहेत याची आठवण मुद्दाम करून द्यावी लागते. ‘पाइप’ हा त्यांपैकी एक. लांबट, गोल, आतून पोकळ आणि दोन्ही तोंडांनी उघडी अशी जवळजवळ कोणतीही वस्तू या शब्दात मावते, मग ती लोखंडाची असो, प्लॅस्टिकची असो की मातीची. परंतु हा शब्द आता वस्तूपुरता उरलेला नाही. इंटरनेटच्या धोरणावरील वादांत, वैज्ञानिक मनुष्यबळावरच्या अहवालांत आणि कार्यालयांतील रोजच्या बोलण्यात ‘पाइप’ व ‘पाइपलाइन’ हे शब्द विचार करण्याचे साधन म्हणून वापरले जातात. या वापरावर माझा आक्षेप आहे. सार्वजनिक प्रश्नाला पाइपचे रूप दिले की सगळ्यांचे लक्ष वाहणाऱ्या वस्तूकडे जाते. ती नळी कोणी टाकली, तिची रुंदी कोणी ठरवली आणि तिच्या तोंडाशी कोण बसले आहे, हे प्रश्न मागे पडतात. शब्दाचा आणि वस्तूचा इतिहास पाहिला तर खरे भांडण नेहमी याच प्रश्नांवरून झालेले दिसते.

प्रथम शब्दाकडे पाहू. लॅटिनमध्ये ‘पिपारे’ या क्रियापदाचा अर्थ पाखराच्या पिलाने चिवचिवणे असा होता. त्यावरून बोलीतील लॅटिनमध्ये ‘पिपा’ हे फुंकून वाजवायच्या नळीचे नाव तयार झाले, असे भाषाभ्यासक मानतात. हे नाव फार लवकर पश्चिम जर्मानिक भाषांत शिरले आणि जुन्या इंग्रजीत ते ‘पीपे’ म्हणून आढळते. जर्मन भाषेत त्याचेच रूप ‘प्फाइफे’ असे झाले. जर्मनमध्ये शिट्टीलाही हेच नाव आहे आणि तंबाखू ओढण्याच्या चिलमीलाही हेच. लष्करी वाद्यवृंदातील ‘फाइफ’ ही छोटी बासरी त्याच घराण्यातली. याच चिवचिवाटातून निघालेला आणखी एक शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे पोहोचला. लॅटिनमध्ये चिवचिवणाऱ्या पिलाला ‘पिपिओ’ म्हणत. त्याचे फ्रेंच रूप ‘पिजाँ’ आणि त्याचे इंग्रजी रूप ‘पिजन’, म्हणजे कबुतर. तेव्हा कबूतर आणि जलवाहिनी हे शब्दांच्या नात्याने एकमेकांचे चुलत भाऊ ठरतात.

वाद्यावरून नळीला नाव मिळावे हा प्रकार एकट्या ‘पाइप’पुरता नाही. ‘ट्यूब’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘टुबुस’ म्हणजे नळी, आणि त्याच्याच शेजारी ‘टुबा’ म्हणजे सरळ लांब रणशिंग. लॅटिनमध्ये ‘फिस्टुला’ हा शब्द गुराख्याच्या पाव्यालाही होता, शिशाच्या जलनळीलाही होता आणि वैद्यकात शरीरातील नाडीव्रणालाही होता. शेवटचा अर्थ आजही टिकून आहे. ग्रीक भाषेत ‘सिरिन्क्स’ म्हणजे अनेक नळ्या जोडून केलेला पावा. त्यापासून ‘सिरिंज’ आली. ‘हायड्रॉलिक’ या शब्दाची कथा सर्वांत मौजेची आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील क्टेसिबियस या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने हवा पुरवून वाजणारा ऑर्गन तयार केला. पाण्याचा ‘हायडोर’ आणि पाव्याचा ‘ऑलोस’ मिळून त्या वाद्याचे नाव झाले ‘हायड्रॉलिस’, आणि पाण्याच्या बळावर चालणाऱ्या सगळ्या यंत्रविद्येला पुढे त्या वाद्याचे नाव चिकटले. दुसऱ्या बाजूला ग्रीक-लॅटिन ‘कान्ना’ म्हणजे बोरू. त्यातून ‘कॅन्युला’ आली आणि इटालियनमध्ये ‘मोठी नळी’ या अर्थाने ‘कानोने’ होऊन तोफेचा ‘कॅनन’ही आला. आपल्या ‘नळ’ आणि ‘नळी’ या शब्दांमागेही संस्कृत ‘नड’ किंवा ‘नल’, म्हणजे पाणवठ्यावर उगवणारे पोकळ गवतच आहे. हाताशी आयती मिळणारी पोकळी ही गवताच्या कांडातली होती, आणि ती फुंकून पाहावी हे माणसाला साहजिकच सुचले असणार.

पुढचे अर्थ या पहिल्या अर्थापासून फुटत गेले. पाणी वाहून नेणारी नळी हा अर्थ जुन्या इंग्रजीतच आला. तंबाखूचा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस, युरोपात तंबाखू पोहोचल्यावर आला. वाइनच्या लांबट पिंपालाही ‘पाइप’ म्हणत, आणि ते माप जुन्या हिशेबाने १२६ वाइन गॅलन, म्हणजे सुमारे ४७७ लिटर भरे. संगणकाच्या जगात १९६४ साली बेल लॅबमधील डग्लस मॅकिलरॉय यांनी प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, असे टिपून ठेवले होते. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती सोय युनिक्स या संगणकप्रणालीत प्रत्यक्ष केली तेव्हा तिचेही नाव ‘पाइप’च पडले.

इंग्लंडच्या राजकोषातील वार्षिक हिशेबांच्या गुंडाळ्यांना ‘पाइप रोल’ म्हणतात. त्यांतील आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी ११३० सालची आहे आणि ही परंपरा १८३३ पर्यंत चालली. या नावाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, गुंडाळलेले चर्मपत्र नळीसारखे दिसे म्हणून; दुसरे, राजाचे सारे येणे या नळीतून तिजोरीत वाहत येई म्हणून. दुसरे स्पष्टीकरण ऐकायला अधिक सुंदर आहे आणि नेमक्या त्याच कारणाने मला त्याचा संशय येतो. शेरीफ, म्हणजे परगण्यातील राजाचा अधिकारी, राजाला किती देणे लागतो, त्याने किती भरले आणि किती थकवले याची ती नोंद होती, आणि प्रत्येक रकमेपुढे कोणाचे तरी नाव होते. पैसा आपोआप वाहत नव्हता. तो मागून, तगादा लावून वसूल केला जात होता.

माझ्या मुद्द्याचा धागा येथून सुरू होतो. पाइप हे वाद्य होते तोपर्यंत त्या शब्दात वाजवणारा गृहीत होता. कोणाचा तरी श्वास आणि कोणाची तरी बोटे छिद्रांवर असल्याशिवाय पाव्यातून सूर निघत नाही. पाण्याच्या नळीत मात्र वाजवणाऱ्याची जागा रिकामी झाली. पाणी उतारावरून वाहते, दाबाने चढते, आणि नळी नुसती पडून असते, असे वरवर वाटते. अर्थ पुढे सरकताना माणूस मागे राहिला. शब्दाचे मूळ हाच त्याचा खरा अर्थ, असा दावा मी करणार नाही. तसे मानले तर कबुतरालाही नळी म्हणावे लागेल. अर्थ वापरातूनच ठरतो. तरीही एखादा शब्द एका अर्थातून दुसऱ्यात जाताना काय टाकून गेला हे पाहिले, तर आजच्या वापरात कोणती गोष्ट नजरेआड होण्याचा संभव आहे ते कळते.

वस्तूच्या इतिहासात हा माणूस कधीच नजरेआड नव्हता. इसवी सन ९७ मध्ये सम्राट नर्वा याने सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टायनस याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी नेमले. त्याने या कामाविषयी लिहून ठेवले आहे आणि त्यात जलसेतूंच्या वर्णनाच्या बरोबरीने नळीच्या मापांची, परवान्यांची आणि लबाडीची चर्चा आहे. खासगी जोडणी सम्राटाच्या अनुज्ञेने मिळे. ती किती पाण्याची हे कांस्याच्या एका आखूड तोटीने ठरे. कांसे कठीण असल्यामुळे तोटी ठोकून रुंद करणे सोपे नसे. तोटीवर अधिकृत शिक्का असावा आणि तिच्या पुढे पन्नास फुटांपर्यंत शिशाची नळी त्याच मापाची असावी, असा नियम होता. कारण तोटी योग्य मापाची बसवून तिच्यापुढे लगेच रुंद नळी जोडली की पाणी जास्त ओढले जाते, हे सर्वांना ठाऊक होते. फ्रॉन्टायनसला शिक्का नसलेल्या तोट्या सापडल्या आणि परवान्यापेक्षा मोठ्याही सापडल्या. रस्त्याखालून जाणाऱ्या नळ्यांना गुपचूप भोके पाडून पाणी विकण्याचा एक धंदाच चालत असल्याचेही त्याने नोंदवले आहे. पाणी उताराचा नियम पाळत होते. रुंदी, उंची आणि शिक्का हे मात्र माणसांचे निर्णय होते. शिवाय नळी ही नुसती तटस्थ पोकळीही नसते. फ्रॉन्टायनसच्या आधी शतकभर व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने शिशाच्या नळीपेक्षा मातीच्या नळीतले पाणी आरोग्याला बरे असे लिहून शिसे ओतणाऱ्या कारागिरांच्या फिकट पडलेल्या रंगाकडे बोट दाखवले होते.

आधुनिक काळात हाच प्रश्न खनिज तेलाने उभा केला. १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियात सॅम्युएल व्हॅन सिकल याने तेलविहिरींपासून रेल्वेस्थानकापर्यंत दोन इंच व्यासाची, सुमारे पाच मैल लांबीची नळी टाकली. तोवर पिंपे भरून तेल नेणाऱ्या गाडीवानांचा धंदा बुडू लागला, तेव्हा त्यांनी ती नळी उखडण्याचा प्रयत्न केला आणि तिच्यावर सशस्त्र पहारा बसवावा लागला. त्यानंतरच्या दशकांत गाडीवानांची मक्तेदारी गेली आणि तिच्या जागी नळीवाल्यांची आली. स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीने नळ्यांचे जाळे हाती ठेवून पूर्वेकडील तेलाच्या बाजारावर पकड बसवली. १९०६ च्या हेपबर्न कायद्याने अमेरिकेत राज्याराज्यांतून जाणाऱ्या तेलवाहिन्यांना सार्वजनिक वाहक ठरवले. याचा अर्थ, रास्त दराने जो कोणी तेल आणील त्याचे तेल वाहून नेण्याचे बंधन त्यांच्यावर आले. कंपन्यांचा युक्तिवाद असा होता की आम्ही दुसऱ्याचे तेल वाहतच नाही. आम्ही ते विहिरीपाशी विकत घेतो आणि आमचेच तेल आमच्या नळीतून नेतो. १९१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद बहुतांशी फेटाळला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी दाखवून दिले की या नळ्या सगळ्यांचेच तेल बाजारात पोहोचवत होत्या, फक्त तेल आत घेण्यापूर्वी ते आपल्याला विकण्याची सक्ती बाहेरच्यांवर करत होत्या. म्हणून या वाहिन्या रूपाने नसल्या तरी वस्तुतः सार्वजनिक वाहकच होत्या. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने नळीत काय आहे आणि ते कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न बाजूला सारून नळीचे तोंड कोणाच्या हाती आहे हे विचारले.

नव्वद वर्षांनी हाच वाद इंटरनेटच्या निमित्ताने पुन्हा आला. २००५ च्या अखेरीस दूरसंचार कंपनी एसबीसीचे प्रमुख एड व्हिटेकर यांनी एका मुलाखतीत म्हटले की मोठ्या संकेतस्थळांना आमचे पाइप फुकट वापरायचे आहेत, पण त्यांवर आमचा पैसा लागला आहे. दुसऱ्या वर्षी, २८ जून २००६ रोजी, अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी सिनेटच्या समितीत सांगितले की इंटरनेट म्हणजे सामान टाकण्याचा मोठा ट्रक नव्हे, ती नळ्यांची मालिका आहे. नळ्या भरल्या की तुमचा निरोप रांगेत अडकतो. या वाक्यावर जग हसले. वृद्ध सिनेटरांना तंत्रज्ञान कळत नाही, असा त्या हसण्याचा सूर होता. ते हसणे मला अर्धेच योग्य वाटते. डेटा वाहून नेण्याच्या क्षमतेला अभियंतेही सर्रास पाइप म्हणतात आणि गर्दी झाली की पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, रांगेत थांबतात, हेही खरे. स्टीव्हन्स यांच्या बोलण्यातील उणीव नळीच्या उपमेत नव्हती. ही नळी किती रुंद ठेवायची आणि रांगेत कोणाला पुढे घ्यायचे हे कोण ठरवतो, याचा उल्लेखही त्यांनी केला नाही. गर्दी जणू हवामानासारखी आपोआप होते, असे त्यांनी चित्र उभे केले.

व्हिटेकर यांनी मात्र, नकळत का होईना, नेमक्या जागी बोट ठेवले. ‘आमचे पाइप’ या शब्दप्रयोगात नळी आहे, मालक आहे आणि मालकाची इच्छाही आहे. नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे जोडणी देणाऱ्या कंपनीने सगळ्या माहितीला सारखेच वागवावे या मागणीच्या, बाजूने उभ्या असलेल्यांनी त्यांचे आभारच मानायला हवेत. अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यात दूरसंचाराची व्याख्या अशी आहे की वापरणाऱ्याने निवडलेली माहिती, तिच्या रूपात वा आशयात बदल न करता, त्याने सांगितलेल्या ठिकाणांदरम्यान पोहोचवणे. कायद्याच्या भाषेत ही पाइपचीच व्याख्या आहे, आणि तिच्यात बसणाऱ्या सेवेवर सार्वजनिक वाहकाचे बंधन येते. इंटरनेट जोडणी या व्याख्येत बसते की ती ‘माहिती सेवा’ आहे, यावर गेली वीस वर्षे तेथील निर्णय झोके खात आहेत. २०१५ मध्ये नियामक आयोगाने ती व्याख्येत बसवली, २०१७ मध्ये बाहेर काढली, २०२४ मध्ये पुन्हा आत घेतली आणि २ जानेवारी २०२५ रोजी सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ती पुन्हा बाहेर काढली.

इंटरनेट हा खरोखर पाइप नाही, असा तांत्रिक आक्षेप येथे घेतला जातो, आणि तो बरोबर आहे. पाण्याच्या नळीत प्रवाह अखंड असतो. इंटरनेटवर प्रत्येक वळणावर एक यंत्र प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचून त्याला कोठे ढकलायचे ते ठरवते, आणि गर्दी, हल्ले, कचरा यांचा बंदोबस्त करायला काही ना काही निवड करावीच लागते. परंतु पाइपची उपमा येथे वर्णन म्हणून वापरलेली नाही, मागणी म्हणून वापरलेली आहे. ज्याच्या हातात निवड करण्याचे सामर्थ्य आहे, त्याने नळीसारखे वागावे, असे ती सांगते. तेलाच्या नळीलाही झडपा होत्याच. झडप असणे आणि ती मर्जीप्रमाणे फिरवण्याचा हक्क असणे या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या केल्या. डेटाला स्वतःची इच्छा नसते, त्याच्या मागे असलेल्या माणसाला असते, आणि त्या माणसाच्या बाजूने मालकाला बांधून घेण्यासाठी ही उपमा उपयोगी पडते. म्हणून इंटरनेटच्या बाबतीत पाइप हा शब्द टाकून द्यावा असे मला वाटत नाही. मालकाचे नाव घेऊन तो वापरावा.

नळीतून माणसेच वाहताना दाखवली जातात तेव्हा प्रकार बिघडतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत वैज्ञानिक मनुष्यबळाचा विचार पाइपलाइनच्या रूपात होऊ लागला: एका टोकाला शाळेतील मुले, दुसऱ्या टोकाला डॉक्टरेट झालेले संशोधक, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर काही गळती. स्त्रिया आणि अल्पसंख्य गट विज्ञानात कमी का, याचे उत्तर ‘गळकी पाइपलाइन’ असे मिळू लागले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनमधून विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरांची ६,७५,००० इतकी तूट पडेल, असा अंदाज पुढे आला. नळीत शिरणाऱ्यांची संख्या घटेल या गृहीतावर तो बेतलेला होता. नळीच्या दुसऱ्या टोकाला नोकऱ्या किती असतील, याचा हिशेब त्यात नव्हता. ती टंचाई आली नाही, नव्या पदवीधरांना नोकऱ्या शोधत फिरावे लागले, आणि १९९२ मध्ये त्या अंदाजाची अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) उपसमितीत जाहीर तपासणी झाली.

त्या अंदाजातील चूक आकडेमोडीची कमी आणि चित्राची अधिक होती. नळीचे चित्र डोळ्यासमोर असले की उपाय एकच सुचतो: वरून जास्त ओता. नळीला एकच प्रवेश आणि एकच निर्गम असतो, तेव्हा मध्येच बाहेर पडून दहा वर्षांनी परतणारी व्यक्ती त्यात बसत नाही. संशोधन सोडून शिकवायला गेलेली, कायद्याकडे वळलेली किंवा उद्योगात शिरलेली स्त्री ही नोंदीत ‘गळती’ ठरते, मग तिचे शिक्षण समाजाच्या कितीही कामी येवो. आणि सर्वांत वाईट म्हणजे, पाणी गळते त्याला कारण विचारायची पद्धत नाही. माणूस सोडून जातो तेव्हा त्याला कारणे असतात: तुटपुंजी आणि मुदतीची नोकरी, मूल झाल्यावर परतीची सोय नसणे, मार्गदर्शकाची वागणूक. या प्रत्येक कारणामागे निर्णय घेणारा कोणीतरी असतो. ‘गळती’ म्हटले की तो निर्णय नळीच्या सांध्यातला दोष बनतो. या क्षेत्रातील अनेक अभ्यासकांनी पाइपलाइनऐवजी अनेक वाटांची भाषा सुचवली आहे, ती त्यामुळे अधिक प्रामाणिक आहे.

माझ्या म्हणण्याला एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. अमेरिकेतच ‘शाळेतून तुरुंगाकडे जाणारी पाइपलाइन’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. क्षुल्लक बेशिस्तीलाही निलंबनाची शिक्षा देणारे नियम आणि शाळेत नेमलेले पोलीस यांमुळे मुले, विशेषतः कृष्णवर्णीय मुले, फौजदारी यंत्रणेच्या हाती जातात, असा त्याचा आशय आहे. येथेही माणसेच नळीत आहेत, पण बोट मुलांकडे रोखलेले नसून नळी टाकणाऱ्या नियमाकडे रोखलेले आहे. शब्द तोच, आणि तरीही तो झाकण्याऐवजी उघडे पाडण्याचे काम करतो. तेव्हा दोष शब्दाच्या अंगभूत नाही. नळी कोणी टाकली, हे त्याच्याबरोबर विचारले जाते की नाही यावर सारे अवलंबून आहे.

उपमा मेलेल्या असतात, त्यांवर इतका विचार कशाला, असे कोणी म्हणेल. ‘प्रस्ताव पाइपलाइनमध्ये आहे’ हे वाक्य कार्यालयात ऐकल्यावर कोणाच्याही डोळ्यासमोर नळी येत नाही, हे खरे आहे. पण ऐकणारा त्या वाक्याने शांत होतो, ही शांतता त्या मेलेल्या उपमेचीच करामत आहे. नळीत शिरलेली वस्तू आज ना उद्या दुसऱ्या टोकाला येणारच, असे आश्वासन त्यात न बोलता दिलेले असते, आणि प्रस्ताव कोणाच्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून, कशासाठी अडला आहे हे सांगण्याची गरज उरत नाही. ‘विचाराधीन’ आणि ‘प्रक्रियेत’ हे शब्दही त्याच जातीचे आहेत, हे कबूल केले पाहिजे. त्यांना इंग्रजीची मदत लागली नाही. सार्वजनिक कागदपत्रांत यांपैकी कोणताही शब्द आला तर त्याच्या पुढच्याच ओळीत निर्णय घेणाऱ्याचे पद आणि मुदतीची तारीख लिहिणे बंधनकारक असावे. निदान पाइप रोलमध्ये थकबाकीपुढे शेरीफचे नाव असे, तेवढी तरी अपेक्षा नऊशे वर्षांनंतर जास्त नाही.